नऊ माणसांत एक खुर्ची

काश्मीरमध्ये ताबारेषेवरच्या एका पिकेटवर, म्हणजे छोट्या चौकीवर, माझी पोस्टिंग झाली, तेव्हा मी लान्स नायक होतो. उंची अकरा हजार फूट. माणसं नऊ, बंकर दोन, खुर्ची एक. बेसपासून चढायला साडेचार तास. मी दुपारी दोनला वर पोचलो, पाठीवरचं ओझं उतरवलं, आणि बंकरपुढं उन्हात एक पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसलो. लग्नाच्या मांडवात असते तीच, हातवाली.

सगळे एकदम गप्प झाले. मला वाटलं, अटॅक आला.

नायक युनूस तांबोळी पुढं आला. हा दौंडचा, मी शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचा, म्हणजे तसे शेजारीच. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "पाव्हणं, शिरूर तालुक्याचं दिसताय. आल्या आल्या खुर्चीच धरली."

मग नियम कळला. खुर्ची रोज एकाची. नऊ दिवसांनी पाळी. ज्याचा दिवस, त्याला विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. पिकेटचे प्रमुख सुभेदार थोरात साहेब, त्यांनीसुद्धा नाही. बाकीचे जेरीकॅनवर, पेटीवर, नाहीतर उकिडवे. त्या दिवशी पाळी युनूसची होती, म्हणून शिक्षा त्यानंच ठरवली: तीन दिवस झऱ्याचं पाणी मी एकट्यानं आणायचं. आणलं.

बंकरच्या दारावर पाळीची यादी होती आणि तिच्यावर थोरात साहेबांनी लाल अक्षरांत 'लक्झरी' असं लिहिलं होतं. मी अर्थ विचारला, तर म्हणाले, जिच्यावाचून कुणी मरत नाही आणि जिच्यासाठी माणूस आठ दिवस बोटं मोजतो, ती लक्झरी.

आता मी रांजणगावला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. समोर फ्लॅटचा बोर्ड लागलाय, लक्झरी घरं म्हणून. खासगी बसला तर आम्ही सगळे लक्झरीच म्हणतो, मग सीटमधली स्प्रिंग टोचत का असेना. कंपनीच्या बसला एसी नाही म्हणून शिफ्टची मंडळी कुरकुरतात आणि मला विचारतात, आबा, आर्मीत लय लक्झरी असती का? मी म्हणतो, व्हय, एक होती. पांढरी होती.

हसतात लेकाचे. पण महिनोन्‌महिने ज्याला पाठ टेकून बसायला मिळालं नाही, त्यालाच ते कळेल. पाय लांब सोडून चहा पिताना मी त्या दिवसापुरता जहागीरदार असायचो. एकदा पलटणीचे प्रमुख, सीओ साहेब, पाहणीला आले. पाळी कुकची होती. तो उठायला लागला, तर थोरात साहेबांनी डोळ्यानंच त्याला खाली बसवलं. सीओ साहेबांनी यादी वाचली, हसले, आणि पेटीवर बसून चहा प्याले.

बर्फ वितळायला लागलं की जमिनीतले जुने माइन जागा सोडतात. एका सकाळी ०८१० ला झऱ्याच्या वाटेवर स्फोट झाला. युनूस पाणी घेऊन येत होता. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. नर्सिंग असिस्टंटनं पट्टा आवळून रक्त रोखलं. थोरात साहेब वायरलेस सेटवर बसले.

"वन कॅज्युअल्टी. चॉपर पाहिजे. ओव्हर."

"चॉपर हेलिपॅडवर बारा तीसपर्यंत. नंतर ढग. ओव्हर."

हेलिपॅड तीन तास खाली. वाट एका माणसापुरती, वळणावर स्ट्रेचर फिरत नाही. बारा तीसच्या आत खाली नेला तर युनूसची आशा, नाहीतर संपलं. साहेबांनी खुर्चीकडं बघितलं. खुर्चीचे पाय कापायचे, दोर बांधायचे, त्याला तिच्यात बसवून पाठीवर घ्यायचं. करवत आली.

पाळी त्या दिवशी युनूसचीच होती. चेहरा पांढरा पडला होता, तरी बोलला, "सायेब, आज खुर्ची माझी हाय. आधी इचारा."

थोरात साहेब अटेन्शनमध्ये उभे राहिले. "नायक तांबोळी, कापू का?"

"कापा."

०९०५ ला निघालो. पहिला तास मी उचललं, मग आम्ही तिघं आळीपाळीनं. त्याची पाठ माझ्या पाठीला. मला पुढची वाट दिसायची, त्याला मागची. त्याचे वडील मालगाडीचे गार्ड, आयुष्यभर शेवटच्या डब्यातून मागं बघत गेलेले. आमच्या घराण्याला हीच सीट मिळती, असं म्हणून तो वळणावळणाला रिपोर्ट द्यायला लागला. मागं रस्ता क्लिअर. मागं दोन बकऱ्या, विदाऊट तिकीट. मी धापा टाकत हसत होतो. पाय सटकला असता तर दोघंही दरीत. मी म्हणालो, युनूसभाई, गप बसा की जरा.

"नुसतं बसून डोंगर उतरतोय, पाव्हणं. अशी लक्झरी कुणाच्या बापानं बघितली? बोलू द्या."

शेवटच्या अर्ध्या तासात रिपोर्ट कमी झाले. मीच विचारायला लागलो, मागं काय? थोड्या वेळानं उत्तर यायचं, क्लिअर.

१२१५ ला हेलिपॅड गाठलं. १२२२ ला चॉपर उडालं. आम्ही वेळेत पोचलो होतो. संध्याकाळी १७४० ला सेटवर निरोप आला, नायक तांबोळी राहिले नाहीत. मी सगळ्यांसमोर रडलो. त्याची मला लाज वाटत नाही.

पुढच्या सुट्टीत दौंडला गेलो. युनूसच्या वडलांना मी चाचा म्हणतो. त्यांनी एकच मागितलं: वाटेत पोरगा काय काय बोलला ते सगळं सांगा, काही गाळू नका. सांगितलं. बकऱ्यांच्या तिकिटावर ते इतके हसले की काय झालं म्हणून चाची आतून बघायला आल्या. तेव्हापासून दरवर्षी जातो. चाची मटणाचा रस्सा करतात, मी सांगतो, चाचा हसतात.

यंदा मी सुरुवात केली, तर चाचा म्हणाले, थांबा, आज मी सांगतो. त्यांनी सांगितलं, पण मागच्या बाजूनं, युनूसला दिसलं असेल तसं. बंकर कसा लहान लहान होत गेला, झऱ्याची वाट कशी वर राहिली. आणि छपरावर तुमचे सुभेदार हात वर करून उभे होते, चाचा म्हणाले, पार दिसेनासे होईपर्यंत.

मी म्हणालो, चाचा, हे तर युनूसभाई कधी बोलले नव्हते.

"गाडी सुटली की मागं कुणीतरी उभं ऱ्हातंच," चाचा म्हणाले. "जल्मभर तेच बघितलंय मी."

घरी आल्यावर थोरात साहेबांना फोन लावला. ते आता साताऱ्याकडं गावी असतात, वय झालंय. चाचा असं असं म्हणाले, खरं का, म्हणून विचारलं.

"व्हय," साहेब म्हणाले. "तुम्ही वळणाआड गेला, मगच हात खाली घेतला."