पालखीचा ढोल आणि भाच्याचं गिटार

मैत्रिणींनो, आज संध्याकाळपासून माझा गोंधळ उडालाय, म्हणून तुम्हालाच विचारते.

माझा भाचा ओंकार आणि त्याच्या तीन मित्रांचा बँड आहे. रेगे, रॉक आणि देशोदेशीचं संगीत ते एकत्र करून वाजवतात. आज भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा कार्यक्रम होता. कॉन्व्हेंटमध्ये पियानोवर प्रार्थना म्हणत वाढलेल्या मला रेगे काही कळत नाही, पण मजेत डुलत होते.

तेवढ्यात गिटारच्या मागून ढोल सुरू झाला. आपला शिमग्यातला, देवीची पालखी नाचवतानाचा. मी नकळत चपला काढून उभी राहिले. पुढच्या चार-पाच बायकाही उठल्या. शेजारच्या सुमनताईंनी तर हात जोडले आणि इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "अगो, पण देवी खंय?"

समोर नुसती मुलं नाचत होती.

नंतर ओंकार जवळ आला. "मावशी, रागावलीस? उद्या हेच गाणं रेकॉर्ड करतोय. तू नको म्हणालीस तर ढोल काढतो."

"मग त्यात उरेल काय रे?"

"काही नाही गो. मग आम्ही इतर कुठल्याही बँडसारखेच."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. नको कसं म्हणू? तो ढोल लहानपणी त्याला कडेवर घेऊन मीच ऐकवला. आणि हो म्हटलं, तर पुढच्या शिमग्याला पालखी दारात आल्यावर मला गिटारच आठवेल, याची धास्ती वाटते.

सकाळी त्याचा फोन येईल. तुम्ही काय सांगितलं असतं?