चार आट्यांवरचं चाक

नालवाडीच्या पुंडलिकराव मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे चार खांबांवर टाकलेली टिनाची पत्रं आणि मागे एक खोली. पण त्यांच्या हाताला नाव होतं. पुलगावपासून शेलूपर्यंत कुणाची गाडी अडली की लोक म्हणत, "पुंडलिकभाऊले दाखव." मिस्त्री वरवर म्हणायचे, "आपलं काय, देवाची कृपा." पण हे ऐकायची त्यांना सवय झाली होती, आणि सवय फार वाईट असते.

एकोणऐंशी सालच्या माघात वर्ध्याच्या बापूजींची जुनी विलायती मोटार त्यांच्याकडे आली. गाडी चांगली पण ब्रेक संपलेले, आणि त्या जातीचा माल कुठंच मिळेना. नागपूरच्या दोन मिस्त्र्यांनी हात जोडले होते. पुंडलिकरावांनी एका भंगारातल्या टॅक्सीचे पुढचे दोन्ही हब, म्हणजे चाकं ज्यावर बसतात ते गट्टू, ब्रेकसकट उचलून आणले आणि या गाडीला बसवले. चाकाच्या पाच भोकांत हबचे पाच बोल्ट असे सरळ गेले, की बापूजी टाळी वाजवून शेजाऱ्याला म्हणाले, "पाह्य! नागपूरले जमलं नाई ते आमच्या पुंडलिकनं केलं!"

बापूजी घरी गेल्यावर कळलं की चाक पुरतं बसतच नाही. टॅक्सीचा ब्रेकचा ड्रम मोठा. चाकाची पाठ त्याच्या काठाला अडायची आणि हबला टेकायचीच नाही. मिस्त्रींनी मग बोटभर जाडीचा लोखंडी छल्ला कापून मधे घातला. चाक टेकलं, गरागरा फिरलं, ब्रेकही लागला. मात्र छल्ल्यानं बोल्टाची लांबी खाल्ली. एरवी नट दहा-अकरा फेरे घेऊन मग आवळतो. इथं चार फेऱ्यांतच नट आवळला आणि बोल्टाचं टोक नटाच्या आतच राहिलं. म्हणजे सगळं चाक बोल्टावरच्या चार आट्यांवर.

हे त्यांना दिसलं नाही असं नाही. त्यांनी पाचही नट काढून पुन्हा लावून पाहिले. लांब बोल्ट घालायचे तर हब पुन्हा उतरवावा लागणार, दोन दिवस जाणार. आणि दुसऱ्याच दिवशी हिंगणीला बापूजींच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. शिवाय ती टाळी कानात होतीच. 'जाऊन येईल एवढं,' असं म्हणून त्यांनी नट जोर लावून आवळले.

पवनारचा पूल ओलांडला आणि डाव्या बाजूचं पुढचं चाक निघून बाभळीत गेलं. गाडी ड्रमवर घासत रस्त्याच्या कडेला कलंडली. बापूजींच्या कपाळाला खोक पडली, एवढ्यावरच निभावलं. पण वरातीसारखी निघालेली पाहुणेमंडळी बैलगाडीतून हिंगणीला पोचली, आणि तिथं कुणीतरी म्हणालं, "डायव्हर दारू पेऊन असन." तेवढं पुरलं. बापूजींनी वीस वर्षं त्यांची गाडी चालवणाऱ्या नत्थूजी ड्रायव्हरला व्याह्यांच्या दारातच हाकलून दिलं. नत्थूजीनं आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजी गॅरेजवर आला. टोपी हातात.

"पुंडलिकभाऊ, मी इचार करून राह्यलो. गोटा लागला नाई, गड्डा लागला नाई. मंग चाक काऊन निघालं? तुमी नट आवळले होते ना?"

"आवळले होते ना जी," मिस्त्री म्हणाले. "मी सोता आवळले."

शब्द न् शब्द खरा होता. नत्थूजीनं मान हलवली. "तुमी आवळले म्हनल्यावर झालं. मंग माहीच चूक असन," म्हणाला आणि पायीच निघून गेला. मिस्त्री त्याच्या पाठीकडे बघत राहिले. त्या दिवशी दुपारचं जेवण त्यांनी तसंच झाकून ठेवलं.

मोडकी गाडी गॅरेजवर ओढून आणली होती. मिस्त्रींनी डावीकडचा हब उतरवून त्याचे बोल्ट पिशवीत घातले आणि लेथ चालवणाऱ्या खरादवाल्या हिरालालकडे गेले. त्याला लांब बोल्ट कातायला सांगायचे होते. हिरालालनं एक बोल्ट उजेडात धरला.

"का हो मिस्त्री, हे आटे कायनं खाल्ले?"

"कायनं म्हंजे?"

"टोकाचे चार गेले. बाकीचे नव्या नवरीसारखे कोरे हायेत. नट तिथं गेलाच नाई कधी." हिरालाल हसला, मग मिस्त्रींचं तोंड पाहून त्याचं हसू गेलं. "अन् लोक त्या नत्थूजीले दारूडा म्हनून राह्यले. काल पानठेल्यावर मीबी म्हनलं, बाप्पा."

मिस्त्रींनी मान खाली घातली. "लांब बोल्ट कर. अन् छल्लाबी नवा, दोन्ही अंगानं खरादीवर सपाट करून. माह्या हातचा वाकडा होता."

त्या आठवड्यात त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. उजवीकडचाही हब उतरवला, दोन्हींना मागून ठोकून लांब बोल्ट बसवले, छल्ला घातला, चाक चढवलं. अकरा फेरे. चाक डगमगतं का ते पाहायला जॅकवर फिरवून खडूचं टोक जवळ धरलं. खडू सगळीकडे सारखा लागला. काम इतकं नेटकं झालं होतं, की ते बघून त्यांना स्वतःचीच चीड आली. पहिल्यांदाच करता आलं असतं.

आठव्या दिवशी गाडी घेऊन ते बापूजींकडे गेले आणि ओसरीवर उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. बापूजींनी कपाळावरची पट्टी चाचपली.

"नत्थूले मी परत बोलावतो," ते म्हणाले. "पन हिंगणीले काई बोलू नको. भंगारातले तुकडे जोडलेल्या गाडीत सोयरीक कराले गेलतो, हे व्याह्याइले काऊन सांगाचं?"

पुंडलिकरावांना सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्या सुटण्याचीही लाज वाटली. "बापूजी, त्याले दारूडा हिंगणीत म्हनलं," ते म्हणाले. "वर्ध्यात सांगून काय उपेग?"

बापूजी अखेर हो म्हणाले आणि त्यांनी नत्थूजीला बोलावून घेतलं. मग त्याच गाडीतून, नत्थूजी चालवतोय आणि मिस्त्री शेजारी, असे दोघे हिंगणीला गेले. रूपरावांच्या, म्हणजे बापूजींच्या व्याह्यांच्या, अंगणात दहा-बारा माणसं सतरंजीवर बसली होती. नत्थूजी गाडीतच थांबला. मिस्त्रींनी हात जोडले.

"चाक माह्यामुळं निघालं जी. बोल्ट आखूड पडले होते, ते मले दिसलं होतं, तरी मी गाडी देल्ली. या मान्सानं दारू घेतली नोती."

रूपरावांनी सुपारी कातरणं थांबवलं. "हे तुमाले कवा समजलं?"

"गाडी देल्ली तवाच."

"मंग आठ दिवस कुठं होते तुमी?"

कुणीतरी खोकलं. रूपराव स्वतः उठले, गाडीपाशी गेले, नत्थूजीचा हात धरून त्याला आणून आपल्या शेजारी बसवलं आणि आत चहाला सांगितलं. पुंडलिकरावांना बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. तेही बसले नाहीत.

परतताना नालवाडीला गाडी थांबली तेव्हा मिस्त्री खाली उतरले आणि खिडकीत वाकून म्हणाले, "नत्थूजी, मले माफ करजो."

"बोल्ट बरे बसले," नत्थूजी समोर बघत म्हणाला. "हिंगणीतबी बरं झालं. पन माही पोरगी चार दिवस माह्या तोंडाचा वास घेऊन राह्यली होती, भाऊ. तिले वाटे मले समजत नाई."

त्यानं गियर टाकला. गाडी वर्ध्याकडे वळली, दोन्ही पुढची चाकं सरळ धावत होती, आणि पुंडलिकराव रस्त्याच्या मधोमध उभे होते. मागून येणाऱ्या एस.टी.नं दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा कुठं ते बाजूला झाले.