मामाची मांडी

पोराचं जावळ काढायचं ठरलं तेव्हा तो सव्वा वर्षाचा होता. जन्मल्यापासून रोज सकाळी त्याला आंघोळ मी घालायचो, मगच इतवारीतलं भांड्यांचं दुकान उघडायला जायचो. सासरी याचं हसं व्हायचं. ते तीन पिढ्यांचे नोकरदार. मी काटोलहून एक पिशवी घेऊन आलेला माणूस. पण माझा बाप घरात शिरला की आम्ही भावंडं भिंतीला चिकटायचो. माझ्या पोरानं माझ्या आवाजाला दचकू नये, एवढीच अट मी स्वतःला घातली होती.

जावळाच्या दिवशी न्हावी आला. मी पाटावर मांडी घातली. सासरे म्हणाले, "जावईबापू, उठा. मूल मामाच्या मांडीवर बसतं."

मामा आदल्या दिवशी पुण्याहून आला होता. पोराला तो दुसऱ्यांदा पाहत होता.

"काहून? रोज मी न्हाऊ घालतो, आज मी पाहुणा काय? बरं, अर्धं डोकं त्याच्या मांडीवर, अर्धं माझ्या."

"इथेही घासाघीस?" सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले. बायकोही हसली, आणि माझं डोकं फिरलं.

"हसता काहून? याचे लंगोट तुम्ही धुतले काय?" मी ओरडलो.

पोर थिजलं. रडलंही नाही, नुसतं माझ्याकडे पाहत राहिलं. ते पाहणं मी ओळखलं. बापाकडे मी तसंच पाहायचो.

मी उठलो, मामाला बसवलं. पण पोर त्याच्या मांडीवर पाठीची कमान करून ताठ झालं. "असं हललं तर वस्तरा लागेल," न्हावी म्हणाला. मग मी खाली फरशीवर बसलो, त्याचे पाय धरले आणि आंघोळीच्या वेळी म्हणतो तसं हळू म्हणू लागलो, "पातेलं, परात, पळी, झारा..." आधी त्यानं पाय ओढून घेतले. दुसऱ्यांदा राहू दिले. डोकं पूर्ण होईस्तोवर माझं अख्खं दुकान म्हणून झालं.

सासऱ्यांनी फोटो फ्रेम करून पाठवला. त्यात मामा, पोर आणि खालच्या कडेला माझे नुसते दोन हात. मी तो भिंतीवर लावू दिला नाही. बायको विचारते, किती दिवस धरून बसणार? जन्मभर, मी म्हणतो. पण हळू म्हणतो, पोर जवळच खेळत असतं.