आबाजी आणि फरशीचा ठराव

माणूस गेला की त्याचे किस्से वाढू लागतात. सांगणारे वाढतात, तसे खोटेही वाढते. म्हणून मी स्वतः पाहिले तेवढेच सांगतो.

आबाजी चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले. नोकरी वनखात्यात, सारी पायी. निवृत्तीनंतर, इथे उत्तरेतल्या हिंदी मुलखात, सीपरी बाजारामागच्या आम्हा मराठी मंडळींच्या लहान महादेव मंदिराच्या आवारात त्यांनी बाग लावली. मी मंदिर समितीचा सचिव. बाग काढून तेथे पार्किंगसाठी फरशी घालावी, असे समितीच्या मनात होते. आबाजींचे मागणे एकच: बाग राहावी.

*

अध्यक्षांच्या पत्नींनी गाभाऱ्याच्या दाराला झेंडूचे प्लास्टिकचे तोरण बांधले. दुसऱ्या सकाळी पाहतो तर आबाजी तांब्यातून त्यावर पाणी शिंपडत आहेत!

“अहो आबाजी, प्लास्टिक का है! कधी सुकणार नाही.”

“सुकणार नाही, तर मग देवाला वाहिलं असं कसं म्हणायचं, वहिनी?”

संध्याकाळी तोरण दारावर नव्हते.

*

सोमवारी आबाजी बेलाला हात लावू देत नसत. लागणारी पाने रविवारीच तोडून ओल्या फडक्यात ठेवीत. श्रावणातल्या एका सोमवारी कुलकर्णी साहेब फांदी ओढू लागले. हे सरकारी कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर.

“साहेब, आज सोमवार.”

“म्हणूनच तर बेल हवा!”

आबाजींनी फडक्यातली पाने त्यांच्या ओंजळीत ठेवली. “साप्ताहिक सुटी तुमच्या कंपनीतही होती ना?”

*

एकदा थंडीत आम्ही बेतवेकाठी फिरायला गेलो. परतताना वाट चुकली. कुलकर्णी साहेबांचा मोबाइल नकाशा दाखवीना. ऊन उतरू लागले.

“त्या म्हशींच्या मागे चला,” आबाजी म्हणाले.

“त्यांना रस्ता ठाऊक आहे?”

“त्यांना घरी जायचंय, साहेब. आपण नुसते फिरायला निघालोय.”

अर्ध्या तासात गाव आले. कुलकर्णी साहेबांनी पुढच्या म्हशीला नमस्कार केला!

*

गेल्या वर्षी आबाजी बागेत पडले. सिविल लाइंसच्या डॉक्टरांनी बजावले, “बाबूजी, बगीचा बंद. घर पर टीवी देखिए।”

“उसमें पानी कौन देता है, डॉक्टर साहब?”

डॉक्टर हसले. आबाजींचा मुलगा हसला नाही. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, फरशी घालूनच टाका. बाग नसेल तर बाबा घरी राहतील.”

मुलाचे प्रेम खरे होते. पण ज्या कामासाठी माणूस पहाटे उठतो, ते काढून घेतले तर तो कशासाठी उठेल, हा विचार मी केला नाही. फरशीच्या ठरावाला अनुमोदन दिले. हा दोष माझा.

*

अध्यक्षांनी सभा जेठातल्या ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी ठेवली. आबाजी त्या उन्हात येणार नाहीत, असा हिशेब होता. आबाजी आले.

“ठराव मंजूर करायचाच आहे ना? मग फरशीवरच उभं राहून करू.”

देवळापुढच्या अंगणात आधीच फरशी होती. चपला नियमाप्रमाणे सर्वांनी फाटकापाशी काढलेल्या. आबाजी हात जोडून त्या दगडांवर जाऊन उभे राहिले. एवढा वृद्ध माणूस उभा असताना मागे कोण राहणार? आम्हीही गेलो.

मी ठराव वाचू लागलो. पहिले वाक्य संपण्याआधीच कुलकर्णी साहेब एकेक पाय आळीपाळीने उचलू लागले.

“सचिवजी, जल्दी पढ़िए!”

दुसऱ्या वाक्याला अध्यक्षांनी धोतर सावरले आणि थेट मोगऱ्याच्या वाफ्याकडे धाव घेतली. त्यांच्यामागे खजिनदार. त्यांच्यामागे कुलकर्णी साहेब. शेवटी, ठराव हातात धरून, मी.

सारी समिती बागेच्या सावलीत, मातीत उभी. आबाजी फरशीवरच. अनवाणी जंगल तुडवलेल्या त्यांच्या तळव्यांना त्या दगडांचे काही वाटत नव्हते.

“अध्यक्षजी, आपलं मत?”

अध्यक्षांनी आपल्या लाल झालेल्या पावलांकडे पाहिले. मग माझ्याकडे. “राहू द्या हो तो ठराव! आबाजी, पाया पडतो, नळी आणा. इथं आमच्या पायांवर थोडं पाणी सोडा.”

आबाजींनी सूर्याकडे पाहिले.

“या बागेत दुपारी पाणी घालत नाही, अध्यक्षजी. संध्याकाळपर्यंत तिथंच उभे राहा.”