परग्रहावरचा नवरदेव

विज्ञानकथेचं वेड असलेली चार माणसं एकत्र बसली की कथा कमी लिहून होतात, किस्सेच जास्त साठतात! आमचं बल्लारपूरचं मंडळ दर रविवारी वंदनाबाईंच्या ओसरीवर भरतं. बाई म्हणजे विज्ञानाच्या रिटायर्ड मास्तरीण.

एकदा आमच्यातल्या सलीम टेलरनं स्वतःची कथा वाचली. मंगळावर दोन अंतराळवीर, दोघंही पुरुष, प्रेमात पडतात. वाचून झाल्यावर त्यानं वही मिटली. "हे माझंच आहे. मले पोरी नाई, पोरं आवडतात." बाईंनी चष्मा काढला. "ते समजलं रे. पण मंगळावर मच्छर कुठून आले?"

मोरेश्वरभाऊंना मात्र पटेना. भाऊ झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतात, आवाज खणखणीत. "असलं निसर्गात बसत नाई!" बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या कथेत पाटलाचा पोरगा वॉशिंग मशीनशी लग्न करते ना?"

भाऊ काही रविवार फिरकलेच नाहीत. मग एकदम उगवले. "मशीन चालते, त सलीमचंबी चालते. यावरच नाटक करू. सरपंच मी!"

नाटक असं : हिरवा, तीन डोळ्यांचा परग्रहवासी नवरदेव गावात येतो. सगळ्यांना स्थळ पसंत! मग कळतं, त्याला मुलगी नको, सरपंचाचा मुलगा हवा. सरपंच किंचाळतो, "माझ्या पोराले बाप्या नवरा?" वडसा गावातल्या प्रयोगात पुढे बसलेले एक आजोबा ओरडले, "अबे, माणूस आहे का नाई ते नाई विचारलं, आता बाप्या काऊन विचारून राह्यला?" टाळ्या थांबेनात!

हिंमत वाढली. चंद्रपुरात समलिंगींच्या हक्कांचा मोर्चा निघाला, तेव्हा आम्ही तोंडं हिरवी रंगवूनच गेलो. फलक होता, 'परग्रहाचा जावई चालते, गावातला काऊन नाई?' बंदोबस्तावरच्या हवालदारानं तो नीट वाचला.

"तुम्ही कोणत्या ग्रहाचे?"

"बल्लारपूर," सलीम म्हणाला.

"मंग डाव्या बाजूनं चला ना!"

पुढे चंद्रपुरातच प्रयोग लागला. नवरदेव सलीमच. घरी कळल्यापासून त्याचे अब्बा त्याच्याशी बोलत नव्हते. शेवटच्या प्रवेशात मोरेश्वरभाऊ विचारतात, "नवरदेवाकडून कोण आलं आहे?" नाटकात यावर कोणीच बोलत नाही, नवरदेव मान खाली घालून आपल्या यानाकडे वळतो.

सलीम वळला. आणि हॉलच्या शेवटच्या रांगेतून त्याचे अब्बा उठून उभे राहिले.

"मी आहो ना! पोराचा बाप!"