तिच्या वाट्याचं वचन

प्रिसिलाचा फोन आला तेव्हा मी चेन्नईत, पेरुंगुडीच्या ऑफिसात दहीभाताचा डबा उघडून बसले होते. प्रिसिला माझी आतेबहीण. एरवी ती माझ्याशी इंग्रजीत बोलते, पण त्या दुपारी तिच्या तोंडून तमिळच बाहेर पडलं. "अम्मा पोयिट्टांग, स्नेहल..." आई गेली. माझी मनोरमाआत्या गेली. मनाची तयारी झालीय असं मी गेले काही महिने सगळ्यांना सांगत होते, पण तयारीबियारी काही झालेली नव्हती. डब्याचं झाकण लावताना माझ्या मनात आलं ते अगदीच स्वार्थी होतं... आता या एवढ्या मोठ्या शहरात मला मराठीत रागवणारं कोणी उरलं नाही. तमिळमध्ये रिक्षावाले रागावतात, इंग्रजीत मॅनेजर रागावतो, पण "मेले, ओले केस घेऊन निघालीस कुठं?" म्हणणारं माणूस एकच होतं. त्याला आता दीड महिना होत आला, आणि अजूनही शनिवार उजाडला की माझा हात पिशवी भरायला जातो.

आत्या मूळची आमच्या नगरची. तंगराज आतोबा तरुणपणी नोकरीच्या निमित्तानं नगरला आले होते, आणि चर्चच्या गायनात दोघांची गाठ पडली. आजोबांनी आधी नाक मुरडलं. मुलगा काळा का गोरा याचं त्यांना काही नव्हतं, मुलगा भात खातो याची त्यांना चिंता होती. पण दोघंही ख्रिस्ती, दोघांचा आवाजही चांगला, तेव्हा फार ताणता येईना. लग्नानंतर आतोबांना एन्नोरच्या वीजकेंद्रात नोकरी लागली आणि आत्या तिकडचीच झाली. मासे चिंचेच्या रश्श्यात शिजवायला शिकली, तमिळमध्ये भांडायला शिकली. नवऱ्याला हाक मारताना ती "अहो, एन्नंग!" म्हणायची. दोन्ही भाषांतला मान एकदमच देऊन टाकायचा, म्हणजे पुढं वाटेल ते बोलायला मोकळी. मी नोकरीसाठी चेन्नईत आले तेव्हा मला स्टेशनवर घ्यायला हे दोघं आले होते. तेव्हापासून दर शनिवारी मी शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जायची, आधी बस, मग लोकल. घरात पाऊल टाकलं की आत्या आधी माझ्या हातात फडकं द्यायची. एन्नोरमध्ये राख कुठून येते हे कोणी विचारत नाही. ती खिडकीच्या गजांवर बसते, भांड्यांवर बसते, आणि आत्याच्या मते मुद्दाम शास्त्रावर बसते. "आधी शास्त्र पूस. मग तुझं बूड टेकव."

शास्त्र म्हणजे बायबल, आमच्याकडं नुसतं शास्त्रच म्हणतात. त्या घरात संध्याकाळच्या प्रार्थनेला एक रीत होती. सगळ्यांनी गोल बसायचं, आपापलं पुस्तक आपापल्या भाषेतलं घ्यायचं, आणि एका अध्यायातलं एकेक वचन आळीपाळीनं वाचायचं. आत्या मराठीत, प्रिसिला इंग्रजीत, शेजारपाजारचं कोणी आलं तर तमिळमध्ये. कोणाला दुसऱ्याचं कळो न कळो, ज्याच्या वाट्याला जे वचन येईल ते त्यानं वाचायचं. "नंबर चुकवायचा नाही," हा आत्याचा कायदा. आणि हा कायदा रोज मोडणारा माणूस तिच्या शेजारीच बसलेला असायचा. आतोबांचा नंबर आला की ते पायाच्या नखांकडं बघत "आमेन" म्हणायचे. तमिळ पुस्तक मांडीवर मिटलेलंच. पुढचा नंबर.

"काय वाचलं म्हणून आमेन?" आत्या म्हणायची.

"सगळं ऐकलं की," आतोबा म्हणायचे. त्यांचं मराठी नगरला शिकलेलं आणि तिथंच राहिलेलं. घरातल्या भाजीपाल्यापुरतं ते पुरतं, शास्त्रातलं मराठी त्यांच्या डोक्यावरून जायचं.

"ऐकलं कुठलं? नखं मोजत होतात."

हे भांडण मी कितीदा ऐकलं असेन. आतोबा तसे देवभोळे. चर्चची घंटा व्हायच्या आधी ते बाकं पुसायला हजर, कोणाच्या घरी मयत झालं तर खांदा द्यायला पुढं. पण वाचायचं म्हटलं की अंगावर काटा. एकदा त्यांनी आत्याला गप्प करायचा चांगला डाव टाकला. "माझ्या आईला अक्षर येत नव्हतं. समुद्राकडं तोंड करून हात जोडायची, बस्स. ती काय स्वर्गात नाही?" आत्या म्हणाली, "त्यांना येत नव्हतं. तुम्हांला येतं." यावर आतोबा चप्पल घालून मासे आणायला निघून गेले.

मला तेव्हा वाटायचं, आत्याचं हे जरा अतीच आहे. मी स्वतः चर्चला जाणारी, पण कंटाळत जाणारी. एकदा तांदूळ निवडता निवडता मी तिला विचारलंच की विश्वास मनात असतो, पुस्तकाचं एवढं काय? ती रागावली नाही. ताटातले खडे बाजूला काढत हळू आवाजात बोलत राहिली. आमच्या खापरपणज्यांना गावातल्या शाळेच्या पायरीवर बसायची मुभा नव्हती. गावात कोणी पोथी वाचली तर लांब, वाऱ्याच्या दिशेला उभं राहून जे कानावर पडेल ते ऐकायचं. मिशनच्या शाळेत त्यांच्या हातात पहिल्यांदा पाटी आली, आणि अडखळत वाचलेलं पहिलं पुस्तक हेच. "दुसऱ्यानं वाचावं आणि आपण हात जोडून उभं राहावं, हे आपल्या घराण्यानं पुष्कळ केलं, बाई. आता आपलं आपण वाचायचं. माझ्यापुरतं तरी विश्वास म्हणजे हेच." ती म्हणत होती ते धर्माबद्दल होतं की माणसाच्या ताठ मानेबद्दल, मला सांगता येणार नाही. तिच्यात ते दोन वेगळे नव्हतेच. मी मात्र त्या दिवसापासून वाद घालायचं सोडलं.

आणि मग नेमकं तेच गेलं. एका सकाळी आत्या चूल पुसताना खाली बसली ती उठलीच नाही. हॉस्पिटलातून ती परत आली तेव्हा वरवर बघता सगळं ठीक होतं. हातपाय चालत होते, बोलणं थोडं जड झालं होतं पण टोमणे शाबूत होते. घरी आल्या आल्या तिनं शास्त्र मागितलं, चष्मा लावला, पान उघडलं... आणि तशीच बसून राहिली. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला. शेवटी माझ्याकडं बघून म्हणाली, "अक्षरं आहेत ग. पण ती मला ओळखत नाहीत." डॉक्टरांनी नंतर समजावलं की डोळे चांगले आहेत, मेंदूतली वाचण्याची तेवढी जागा दुखावली आहे. विचित्र म्हणजे तिला लिहिता येत होतं. किराण्याच्या पिशवीवर तिनं स्वतःचं नाव लिहून दाखवलं, वळणदार, मास्तरांनी घोटून घेतलेलं. आणि मग तेच नाव ती टक लावून बघत राहिली, दुसऱ्या कोणाचं असल्यासारखी. मी पिशवी तिच्या हातातून काढून घेतली.

आम्ही आपले उपाय सुरू केले. प्रिसिलानं मोबाइलवर मराठी शास्त्राचं वाचन लावून दिलं. दोन मिनिटं ऐकून आत्या म्हणाली, "हा कोण बातम्या देतोय?" मी वाचून दाखवते म्हटलं, तर नको. तुला पुष्कळ वचनं तोंडपाठ आहेत, ती म्हण, म्हटलं तर म्हणाली, "पाठ असलेलं म्हणजे कालची भाकर. वाचलं की ताजं." आतोबांनी एक दिवस अगदी भीत भीत तिच्याच जुन्या वाक्याची आठवण दिली. "तूच बोलली होतीस ना, ज्यांना येत नाही त्यांना माफ. आता तुला येत नाही." आत्या भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "ते दुसऱ्यांसाठी होतं." दुसऱ्यांना दिलेली सवलत स्वतःला घ्यायची नाही, हा तिचा स्वभावच होता. त्या शनिवारी मी निघताना तिनं माझा हात धरला. "स्नेहल, न वाचता माणूस ख्रिस्ती राहतो का ग?" तिच्या डोळ्यांत भीती होती, खरी भीती, अंधारात घरचा रस्ता चुकलेल्या माणसाची. मी "राहतो की" म्हटलं. पण माझ्या शब्दाला तिच्या लेखी काय किंमत, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होतं. लोकलमध्ये मला रडू आवरेना, समोरच्या बाईनं काही न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

संध्याकाळची प्रार्थना चालूच होती. आत्या आपल्या जागी बसायची, मांडीवर पुस्तक उघडं, आणि तिचा नंबर आला की प्रिसिला पटकन पुढचं वचन सुरू करायची, तिला ओशाळं वाटू नये म्हणून. असे काही आठवडे गेले. मग एका शनिवारी, मी होते तिथं, प्रिसिलानं असंच पुढं वाचायला तोंड उघडलं आणि आत्यानं तिच्या दंडावर हात ठेवला. "माझा नंबर होता." आत्यानं पुस्तक जरा जवळ घेतलं, बोट एका ओळीवर ठेवलं आणि ते डावीकडून उजवीकडं हळूहळू नेऊ लागली. ओळ संपली, बोट खालच्या ओळीवर आलं. ओठ हलत नव्हते. पान तरी बरोबर होतं की नाही कोण जाणे, तिला विचारायची कोणाची छाती नव्हती. बाहेर लॉरी गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या, बोट चालूच. वचन संपावं तिथं ते थांबलं. आणि त्या शांततेत आतोबा म्हणाले, "आमेन."

आत्यानं चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं. "काय वाचलं म्हणून आमेन?"

"तू वाचलंस ते."

ती हसली की रडली, मला आजही ठरवता येत नाही. पण त्यानंतर रोज ती तिचा नंबर अशीच घ्यायची, बोटानं. तिची समजूत पटली असं मात्र मी म्हणणार नाही. असं लिहिलं तर तीच वरून रागवेल. आमच्या अखेरच्या भेटीत मी धीर करून तिचा तो, न वाचता ख्रिस्ती राहण्याचा, प्रश्न पुन्हा काढला. ती पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "मला माहीत नाही बाई. देवाला विचारीन, भेटला की. तोवर नंबर चुकवत नाही, एवढंच." मग मला भात जास्त वाढल्याबद्दल प्रिसिलावर ओरडली. पुढच्या आठवड्यात ती गेली.

परवा मी एन्नोरला गेले. तिच्याशिवायचा तो पहिलाच शनिवार नव्हता, पण घरात पाहुण्यांची गर्दी नसलेला पहिलाच. संध्याकाळी आम्ही तिघं बसलो. प्रिसिलानं वाचलं, मग आत्याचा नंबर आला. पुढं काय करायचं हे कोणीच ठरवलेलं नव्हतं. आतोबांनी तिचं शास्त्र उचललं आणि माझ्यासमोर धरलं. "मराठीत वाच."

प्रिसिला म्हणाली, "अप्पा, तुम्हांला कुठं कळतं ते?"

"वाच," आतोबा पुन्हा म्हणाले.

मी वाचायला लागले. मी सगळंच भराभर वाचते, ऑफिसातल्या मेलसारखं, एकदाचं संपवून टाकायला. आतोबांनी हात वर केला. "मेल्ल, मेल्ल." सावकाश. मी सावकाश वाचलं. दोन-चार शब्द झाले असतील, त्यांनी पुन्हा थांबवलं. "इथं थांब." मी पान बघितलं. तिथं स्वल्पविराम नव्हता, काहीच नव्हतं, वाक्य अर्ध्यात होतं. मी तसं म्हणाले. आतोबा डोळे मिटून बसले होते.

"ती इथं थांबायची. श्वास घ्यायची. मग जरा खालच्या आवाजात पुढं."

मी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. जिथं माझं चुकायचं तिथं त्यांची मान हलायची. एका शब्दावर ती किंचित रेंगाळायची, तेही त्यांनी सांगितलं, आणि तो शब्द स्वतः म्हणून दाखवला. अर्थ माहीत नसलेला तो मराठी शब्द, तमिळ तोंडात, पण सूर सगळा आत्याचा. मला तिची इतकी आठवण आली की पुढची ओळ दिसेना. तो माणूस नखं मोजत नव्हता ग आत्या... इतकी वर्षं तो तुला ऐकत होता, आणि हे तुला कोणी सांगितलंच नाही. मी डोळे पुसले आणि तिथून पुढं वाचू लागले, त्यांनी सांगितलं तिथं थांबत, तिच्या श्वासाएवढं. आतोबा माझ्या आधी अर्धा क्षण श्वास घेत होते. वचन संपलं. पुढचा नंबर त्यांचा होता. त्यांनी डोळे उघडले नाहीत, माझ्या मांडीवरच्या पुस्तकावर हात ठेवला आणि म्हणाले, "अजून एक. तिचंच."