किराणा दुकानातली दोन मिनिटं चाळीस सेकंद

“भाग्यश्री बाद!” असं मी माईकवर ठणकावून सांगितलं, तेव्हा भाग्यश्री मैदानात पळतच होती.

बाद झाली होती ऋतुजा. लातूरची, संघाची कॅप्टन, पेपरात फोटो आलेली. भाग्यश्री शिरूर अनंतपाळची, शनिवार-रविवार एसटीनं सरावाला येणारी. दोघी एकाच संघातल्या, चण सारखी, वेण्या सारख्या, त्यात संध्याकाळचं ऊन माझ्या डोळ्यात. पण उन्हाला कशाला बोल लावू? एवढं झकास पळतेय म्हणजे ऋतुजाच असणार, असं मी मनात धरूनच बसलो होतो. पाठीवरचा नंबर बघायची तसदी घेतली नाही.

मी खेळाचा पत्रकार. आधी नांदेडला पेपरात, मग रेडिओवर, आता लातुरात एका चॅनलसाठी सामन्यांचं लाइव्ह निवेदन करतो. लोक ते मोबाईलवर बघतात, मैदानात स्पीकरवर ऐकतात. ती जिल्ह्याच्या मुलींच्या खो-खोची फायनल होती. खो-खोत पळणाऱ्या तीन-तीन जणी उतरतात आणि कोण किती वेळ बाद न होता टिकली याची नोंद होते. राज्य स्पर्धेसाठी बारा जणींचा संघ त्या नोंदीवरूनच निवडायचा होता.

भाग्यश्री दोन मिनिटं चाळीस सेकंद टिकली. मी आपला ‘ऋतुजा, ऋतुजा’ करत घसा सुकवला. नंतर उत्कृष्ट संरक्षकाची ट्रॉफीही ऋतुजालाच दिली गेली आणि ते नावही मीच पुकारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाग्यश्रीच्या शाळेचे क्रीडाशिक्षक, बिरादार सर, घरी आले. चहा घेतला. माझ्या आवाजाचं कौतुक केलं. एवढ्या सकाळी कुणी नुसतं कौतुक करायला येत नाही, हे मला कळतं.

कप खाली ठेवून ते म्हणाले, “सर, ती पळणारी आमची पोरगी हाय. अन् यादीत तिचं नाव न्हाई.”

मी रेकॉर्डिंग लावलं. पाठीवर भाग्यश्रीचा नंबर स्वच्छ दिसत होता. तरी वाटलं, मी काहीही बडबडलो तरी कागदावर बरोबर असेल. म्हणून गुणलेखक कादरी सरांना फोन लावला. गुणलेखक म्हणजे टेबलावर बसून प्रत्येकीची वेळ लिहिणारा माणूस. ते म्हणाले की मान खाली घालून लिहीत होते आणि कोण बाद झालं ते माझ्या स्पीकरवरून ऐकत होते. झालं का! माझी चूक त्यांच्या अक्षरात उतरली होती.

ऋतुजाला बोलावलं. ती ट्रॉफी घेऊनच आली. तिला वाटलं होतं, ट्रॉफी दुसऱ्या डावातल्या पळण्याची असेल. “तुम्हीच माईकवर नाव घेतलं सर. मग मी कशी नाही म्हणू?” असं म्हणून तिनं ट्रॉफी माझ्या टेबलावर ठेवली.

आमच्या चॅनलचे मालक मात्र म्हणाले, लेखी काही देऊ नकोस, पुढं तुला माईक कोण देईल? खोटं कशाला सांगू, तासभर मला त्यांचं पटलं होतं. पण समोर ती ट्रॉफी. शेवटी चूक माझी, असं लिहून सही केली.

तो कागद घेऊन मी आणि कादरी सर निवड समितीच्या अध्यक्षांकडे गेलो. ते वैतागले. हरकत घ्यायची मुदत संपली म्हणाले. तेव्हा कादरी सर शांतपणे बोलले, “मुदत खेळाडूंना असती साहेब. आम्ही आमचीच चूक सांगायलोत.” अध्यक्षांनी रेकॉर्डिंग दोनदा बघितलं. यादी अजून राज्याकडे गेलेली नव्हती. बाराव्या जागी भाग्यश्रीचं नाव लागलं. त्यासाठी आधीच्या बाराव्या मुलीचं नाव निघालं, तिच्या आईला मीच फोन केला आणि त्यांची बोलणी मुकाट्यानं ऐकली.

ट्रॉफी घेऊन शिरूर अनंतपाळला गेलो. भाग्यश्रीच्या वडिलांचं किराणा दुकान आहे. कपाळावर विभूती, हातात तराजू. मी हात जोडून चूक सांगितली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“मोबाईल इथंच काउंटरवर लावला व्हता,” ते म्हणाले. “चार गिऱ्हाईकं उभी व्हती. तुम्ही बाद म्हणलाव, मी बंद केला. घरी आल्यावर पोरगी म्हणली, बाबा, मी लई पळाले. मी म्हणलो, मग सर काय खोटं बोलतेत का?”

इतकी वर्षं लोकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला याचा मला अभिमान होता. इथे एका बापानं लेकीपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मी काउंटरवर फोन उभा केला, आवाज बंद केला आणि साखरेच्या पोत्यावर बसून पुन्हा निवेदन सुरू केलं. भाग्यश्री डावीकडे, भाग्यश्रीनं हुलकावणी दिली, भाग्यश्री खांबाला वळसा घालून निसटली. गिऱ्हाईकं थांबली. आतल्या दारात ती स्वतः उभी होती. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

वडिलांनी डोळे पुसले. “खरंच पळलीस की गं,” म्हणाले. ती मान डोलावून नुसती “हाव” म्हणाली.

बिरादार सर, कादरी सर, ऋतुजा, यांच्यातलं कुणीही गप्प बसलं असतं तर ती चूक दुरुस्त झाली नसती. या तिघांचे उपकार मी विसरणार नाही. आता आधी पाठीवरचा नंबर बघतो, मगच तोंड उघडतो.

निघताना भाग्यश्रीच्या वडिलांनी मला थांबवलं.

“सर, परत एकदा लावा. पण आता तुम्ही बोलू नका. मला बघू द्या.”

मी व्हिडिओ लावला आणि गप्प बसलो.